प्राडाचा उन्हाळा, कोल्हापूरची पायताणं : हंगामी कलेक्शनमधली ‘प्रेरणा’ येते कुठून?

साटिनटाका | १२ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

कालपासून सगळ्या ग्रुपांवर एकच बातमी फिरतेय, म्हणून धागा काढते. इटलीची महागडी फॅशन कंपनी प्राडा आता कोल्हापुरी धर्तीच्या २००० जोड्या महाराष्ट्र आणि कर्नाटकातच बनवून घेणार. किंमत साधारण ८०० युरो, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विक्री. करार झालाय लिडकॉम आणि लिडकर या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी.

ज्यांनी जूनमधला गोंधळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ जूनला मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या उन्हाळी २०२६ कपड्यांचा शो झाला. त्यात काही मॉडेल्सच्या पायात अंगठ्याची चप्पल होती, आणि शोच्या माहितीत तिचं वर्णन होतं ‘चामड्याच्या सँडल’. बस. पुढे काय झालं ते सांगायला नको. महाराष्ट्र चेंबरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी पत्र लिहिलं आणि कंपनीच्या वतीने लोरेन्झो बेर्तेल्ली (मिउच्चा प्राडा यांचे चिरंजीव) यांनी मान्य केलं की हो, प्रेरणा भारतातल्या पारंपरिक पादत्राणांची आहे. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. आणि आता हा करार.

मी बायिंग हाउसमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणजे परदेशी ब्रँड आणि आपले कारखाने यांच्यामध्ये उभी असते आणि दोन्हीकडचं ऐकून घेते. म्हणून मला ‘चोरी की प्रेरणा’ या भांडणापेक्षा दुसरंच काहीतरी विचारावंसं वाटतं. दर हंगामाला ही मंडळी नवं काहीतरी आणतात, त्याला प्रेरणा म्हणतात, सहा महिन्यांनी ती प्रेरणा संपते. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या हातात सातव्या महिन्यात काय राहतं?

ज्यांनी तो शो पूर्ण बघितलाय (रील नव्हे, शो) त्यांनी जरूर लिहा. मला स्वतःला कलेक्शन आवडलं होतं, हे आधीच सांगून टाकते. आता मारा.

---

निवांत_७६ | १२ डिसेंबर, रात्री १०:०५

८०० युरो म्हणजे ८४ हजारांच्या आसपास. एवढ्यात आमच्याकडे चप्पल नाही, चपलेचं दुकान येतं.

जूनमध्ये लाख-सव्वा लाखाचा आकडा फिरत होता, त्या हिशोबाने स्वस्त झाली म्हणायची. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

करवीरकर | १२ डिसेंबर, रात्री १०:३१

ताई, धागा नाद खुळा. पण एक सांगतो, आमच्या हितं पहिल्या दिवशी राग आला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. चप्पल लाइनला माझ्या मित्राचं दुकान आहे. जुलैत म्हणजे भर पावसात, जेव्हा कोल्हापुरी कुणी विचारत न्हाई, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं येऊन विचारत होती, “ती प्राडावाली आहे का?” आता ती ‘प्राडावाली’ म्हणजे आमची साधीच, पातळ तळाची. खरी जड कापशी कुणी मागितली न्हाई.

लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हणजे एकच चप्पल. कापशी वेगळी, पुकारी वेगळी, बक्कलनाळी वेगळी, कचकडी वेगळी. कापशी म्हणजे कागल तालुक्यातल्या कापशी गावाचं नाव. कान मोठे, तळ जाड, चालताना करकर वाजली पाहिजे. तो आवाज यायला तळाच्या दोन थरांच्या मध्ये विंचू घालतात. (घाबरू नका, विंचू म्हणतात त्या बिया असतात.) मिलानच्या त्या फोटोत ना कान, ना वेणी, ना गोंडा. अंगठा आणि पट्टा तेवढा घेतला. म्हणून मला तर ती चोरीपण अर्धीच वाटली.

---

लंबार्डीतली_लता | १३ डिसेंबर, पहाटे २:१२

मी मिलानपासून तासाभरावर राहते. शो प्रत्यक्ष बघायला माझ्यासारखीला कोण बोलावणार, पण रेकॉर्डिंग पूर्ण बघितलंय, दोनदा.

साटिनटाका, कलेक्शन मलाही आवडलं. प्राडाचे शो फोंदात्सिओने प्राडाच्या ‘देपोझितो’ नावाच्या मोठ्या हॉलमध्ये होतात आणि दर वेळी तो हॉल ओळखू येणार नाही इतका बदललेला असतो. या वेळी जवळपास उघडा ठेवला होता, फक्त जमिनीवर फुलांच्या आकाराचे लोकरी गालिचे. कपडे म्हणाल तर ब्लूमरसारख्या आखूड चड्ड्या, ट्रॅकसूट, टोकदार गवती टोप्या. मिउच्चा प्राडा आणि राफ सिमन्स या प्राडाच्या दोन्ही डिझायनरांनी मिळून पुरुषांच्या कपड्यातला रुबाब, खांदे, ताठा सगळा काढून टाकायचा प्रयत्न केला होता. पाय उघडे. आता अशा उघड्या पायाखाली काय घालणार? जाड बूट घातला तर सगळा तोल बिघडतो. म्हणून ती सपाट, हलकी, अंगठ्याची चप्पल आली असावी. त्या शोमध्ये चप्पल ‘भारत’ म्हणून आलीच नव्हती, ‘काहीच नाही’ म्हणून आली होती. आणि मला वाटतं कोल्हापुरातल्या माणसाला नेमकं तेच लागलं असणार.

पण एक गंमत कुणी फारशी सांगत नाही. याच प्राडाने २०१० मध्ये ‘मेड इन...’ नावाची मालिका काढली होती. स्कॉटलंडचे किल्ट, पेरूचं अल्पाका, जपानचं डेनिम आणि भारताची चिकनकारी. लेबलवर देशाचं नाव ठळक. तेव्हा युरोपातले ब्रँड बाहेर बनवलेलं लपवायचे, आणि यांनी ते मिरवलं होतं. म्हणजे नाव कसं द्यायचं हे त्यांना पंधरा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. त्यामुळे ‘कळलं नाही’ ही सबब मला पटत नाही.

---

निवांत_७६ | १३ डिसेंबर, सकाळी ८:५०

लताताई, चिकनकारीची माहिती नवीन. पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

कलमबहाद्दर | १३ डिसेंबर, सकाळी ११:२०

कायद्याचं थोडं, कारण जूनपासून ‘जीआय असताना त्यांची हिंमत कशी झाली’ हे वाक्य हजार वेळा वाचलंय.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं २०१९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. आपले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि त्यांचे चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणीचे मालक लिडकॉम आणि लिडकर. आता मुख्य मुद्दा. जीआय हे नावाचं संरक्षण आहे, आकाराचं नाही. ‘कोल्हापुरी’ हे नाव लावून इंदूरला बनवलेली चप्पल विकलीत तर तुम्ही सापडाल. पण अंगठ्याची चप्पल बनवून तिला ‘चामड्याची सँडल’ म्हणालात तर जीआय कायदा बहुतेक हात वर करतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण प्राडाला शिव्या घातल्या, की नाव घेतलं नाही, त्याच गोष्टीमुळे ते कायद्यात सुटतात.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, ती जुलैत फेटाळली गेली. तुम्ही नोंदणीधारक नाही, तुम्ही कोण, असा साधारण सूर. ज्यांना लढायचं होतं ते महामंडळ होतं, आणि त्यांनी भांडण्याऐवजी करार केला. व्यवहार म्हणून बघितलं तर शहाणपणाचं वाटतं मला. कोर्टात गेले असते तर हरण्याची शक्यता जास्त, आणि हरल्यावर करारही नाही.

---

अथणीकर | १३ डिसेंबर, दुपारी १:०५

नमस्कार. मराठी माझी घरची भाषा, गाव अथणी, जिल्हा बेळगाव. जूनपासून एक गोष्ट बोलायची होती, इथे बोलतो.

कोल्हापूरच्या दुकानातल्या पुष्कळशा चपला आमच्याकडे, निपाणीकडे, मिरजेकडे बनतात. आमच्या गल्लीत संध्याकाळी गेलात तर दारादारात बायका पट्टे शिवताना, वेणी घालताना दिसतील. वरचं नाजूक काम बायकांचं, तळ कापणं-ठोकणं पुरुषांचं. हे सगळं ‘कोल्हापूरचा अभिमान’ या घोषणेत कुठेच नव्हतं. टीव्हीवाले कोल्हापुरात आले, आमच्याकडे कोण आलं? म्हणून प्राडाने आमचं नाव घेतलं नाही याचा मला राग आला खरा, पण तो थोडा जुना राग होता. नाव न मिळायची आम्हाला सवय आहे.

करारात लिडकर आहे याचा आनंद आहे. करवीरकर, तुम्हाला दुखवायचं नाही.

---

करवीरकर | १३ डिसेंबर, दुपारी १:४०

दुखवायचं कसलं अण्णा, खरंच आहे ते. माझ्या मित्राच्या दुकानात निम्मा माल तुमच्याकडचा. शाहू महाराजांनी हा धंदा उभा केला म्हणून नाव आमचं झालं, हात दोन्हीकडचे.

---

साटिनटाका | १३ डिसेंबर, रात्री ८:१५

मस्त चाललंय. आता जरा आमच्या धंद्यातली बाजू मांडते, म्हणजे ‘प्रेरणा’ हा प्राणी कुठे राहतो ते कळेल.

आधी कॅलेंडर. पुरुषांचा उन्हाळा जूनमध्ये दाखवतात, बायकांचा सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तो दुकानात येतो पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. हिवाळा दाखवतात जानेवारी ते मार्च. मधल्या फटीत प्री-फॉल आणि रिसॉर्ट, ज्याला क्रूझही म्हणतात. युरोप-अमेरिकेतली श्रीमंत गिऱ्हाइकं थंडीतून पळून समुद्रकाठी जायची, त्यांच्यासाठी निघालेला तो छोटा हंगाम. तो आता दुकानात सगळ्यात जास्त दिवस टिकतो, म्हणून धंद्याला सगळ्यात महत्त्वाचा झालाय. (आपल्याकडच्या फॅशन वीकमध्येही ‘समर रिसॉर्ट’ असतं. नागपूरच्या मे महिन्यात रिसॉर्ट कोण घालतं देव जाणे. आपले खरे हंगाम दोनच, लग्नसराई आणि गणपती ते दिवाळी.)

म्हणजे मोठ्या ब्रँडच्या डिझायनरला वर्षात चार ते सहा वेळा नवं सांगायचं असतं. रंगाचे अंदाज वर्ष-दीड वर्ष आधी बाजारात येतात, सूत आणि कापडाच्या जत्रा भरतात, फ्लॉरेन्सला सुताची पित्ती फिलाती, पॅरिसला कापडाची प्रमिएर व्हिजन. भिंतीवर मूडबोर्ड लागतो. त्यावर जुने फोटो, चित्रं, कुणाच्या आजोबांचा कोट, जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तू. ब्रँड जुने कपडे आणि चपला विकत घेऊन उसवून बघतात, ही उघड गोष्ट आहे. आता कल्पना करा, सत्तरच्या दशकात हिप्पी मंडळी भारतातून कोल्हापुरी घालून परत गेली. त्यातली एक जोडी युरोपातल्या जुन्या बाजारात आली, तिथून कुणा असिस्टंटने घेतली, बोर्डावर लागली, तिच्यावरून टेक पॅक, म्हणजे कारखान्याला द्यायचा मापांचा कागद, झालं. टेक पॅकमध्ये रकाना असतो लांबीचा, जाडीचा, शिलाईचा. ‘हे कुणाचं’ असा रकानाच नसतो. प्राडाच्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाही, पण मी पाहिलेल्या शेकडो टेक पॅकमध्ये मूळ ठिकाणाचं नाव असंच गळतं. वाईट हेतू असायचीही गरज पडत नाही. कागदच तसा छापलेला असतो.

आणि हे आजचं नाही. काश्मिरी शालीवरची कुयरी स्कॉटलंडच्या पेस्ली गावातल्या मागांवर गेली आणि जगाने तिला गावाचं नाव दिलं. आपणही आता ‘पेस्ली प्रिंट’ म्हणतो!

उलट उदाहरणंही आहेत. मार्च २०२३ मध्ये डिओरने प्री-फॉल कलेक्शन थेट गेटवे ऑफ इंडियासमोर दाखवलं. त्यांचं भरतकाम मुंबईच्या चाणक्य इंटरनॅशनलकडे कित्येक वर्षं होत आलंय, पण त्या वेळी डिओरच्या तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया किउरी यांनी चाणक्य आणि तिथल्या करिश्मा स्वाली यांचं नाव पुढे ठेवून शो केला. मागे प्रचंड भरतकाम केलेलं तोरण होतं. चाणक्यची २०१६ पासून बायकांसाठी भरतकामाची शाळा आहे, आणि जरदोजीसारखं काम परंपरेने पुरुषांचं असताना त्या शाळेतल्या बायकांनी तोरणावर काम केलं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला भारताशी संबंधित सगळ्यात नीट केलेला हंगामी शो तो. आणि गंमत बघा, त्याच डिओरच्या पुरुषांच्या कलेक्शनमध्ये, प्राडानंतर आठवडाभरात, मुकैश कामाचा (धातूच्या तारेच्या भरतकामाचा) एक कोट आला आणि लखनौचा उल्लेख नाही म्हणून पुन्हा ओरड झाली. एकाच घरात दोन खोल्या, दोन डिझायनर, दोन वागणुका.

त्याच आठवड्यात लुई व्हितॉंने पॅरिसला पाँपिदू सेंटरसमोर सापशिडीचा भलामोठा पट मांडला, स्टुडिओ मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्याकडून करून घेतलेला. त्यांनी भारत म्हणून सांगून घेतला. कपडे मला ठीकठाक वाटले, पट कपड्यांपेक्षा छान होता.

---

पदरकाठ | १४ डिसेंबर, सकाळी १०:१८

सगळं वाचून एक कडू प्रश्न. प्राडाला बोलणाऱ्या आपण सगळ्या गेल्या दिवाळीत काय नेसलो होतो?

माझ्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला ‘पैठणी’ नेसलेल्या बायकांपैकी बहुतेकींच्या अंगावर सेमी पैठणी असते. यंत्रमागावरची. मुनिया काठ, पदरावर मोर, सगळं जागच्या जागी. आणि उलटी बाजू बघितली की सुटे धागे. येवल्याची हातमागावरची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण काठ-पदरावर रंगाचा प्रत्येक धागा हाताने अडकवून विणलेला असतो. पैठणीला जीआय २०१० पासून आहे. नाव वापरून विकतात, म्हणजे कलमबहाद्दर म्हणतात तसा इथे कायदा लागूसुद्धा होतो. कुणी मोर्चा काढला? ‘सेमी’ हा शब्द लावला की सगळं माफ.

खणाचं तसंच. दहा-बारा वर्षांपूर्वी खण म्हणजे आजीची चोळी. मग कुणाला तरी सुचलं, खणाची साडी, खणाची पर्स, खणाचा पंचा, दागिनेसुद्धा. दर गणपतीला ‘फेस्टिव्ह कलेक्शन : इन्स्पायर्ड बाय आजी’. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खणाचं गाव. तिथले विणकर या तेजीत किती आणि यंत्रमागाचा खण किती, हे विकणाऱ्या ताईंना विचारून बघा. मी विचारलं होतं. “ताई, रंग पक्का आहे,” असं उत्तर आलं.

आणि वारली! कुर्त्यांवर, उशांवर, दिवाळीच्या बोनसच्या डब्यांवर. सगळं डिजिटल प्रिंट. पालघरमधल्या चित्रकाराला त्यातला रुपया पोचतो का?

---

निवांत_७६ | १४ डिसेंबर, सकाळी १०:५५

पदरकाठ, एक बाजू घ्यावीशी वाटते. ज्या बाईला येवल्याची पैठणी परवडत नाही तिने काय करावं? साधी इरकल नेसावी आणि मोराकडे बघू नये? सेमीवाली गरीब गिऱ्हाइकाला आनंद देते. प्राडा कुणाला देतं?

---

पदरकाठ | १४ डिसेंबर, सकाळी ११:१०

नेसू दे की! मी नेसणारीला बोलतच नाहीये, विकणाऱ्याला बोलतेय. ‘यंत्रमागाची साडी, मोराचं डिझाइन’ एवढं लिहून विकली तर माझी काही तक्रार नाही. आणि ‘गरिबांसाठी’ म्हणून विकणाऱ्या त्याच दुकानात सेमी पैठणी आठ-दहा हजारांनाही जाते हो.

---

निवांत_७६ | १४ डिसेंबर, सकाळी ११:१४

आठ-दहा हजार?! बरं, मागे घेतो अर्धं.

---

कोलवाळकार | १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

गोव्यातून नमस्कार. आमच्या गावच्या माणसाचं नाव इथे यायलाच हवं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स. २०१० च्या सुमारास त्यांनी कुणबी साडीवर काम सुरू केलं. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, गुडघ्याच्या थोडी खाली येणारी, खांद्यावर गाठ मारून नेसायची ही साडी शेतात राबणाऱ्या कुणबी-गावड्या बायकांची. पोर्तुगीज काळापासून तिची वाट लागत गेली आणि गोव्यात विणणारे जवळजवळ उरलेच नव्हते. त्यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि दिल्लीच्या रॅम्पवर हंगामी कलेक्शन म्हणून आणली.

आता इथल्या चर्चेशी संबंध असा की तेही हंगामी कलेक्शनच होतं. त्यांनीही मूळ साडी तशीच ठेवली नाही. लांबी वाढवली, रंग बदलले. त्यावर गोव्यात थोडी कुरकुरही झाली, की शेतातल्या बाईचं वस्त्र आता फाइव्ह स्टारमध्ये. पण हंगाम संपल्यावर ते थांबले नाहीत. गोव्याच्या पोशाखावर पुस्तक लिहिलं, कोलवाळच्या स्वतःच्या घरात वस्त्रांचं म्युझियम करायला घेतलं. २०२० च्या फेब्रुवारीत गेले. साटिनटाका यांनी विचारलेल्या सातव्या महिन्याचं उत्तर मला तरी तिथे दिसतं. आज गोव्यात कुणबी साडी विकत मिळते, ती त्या कलेक्शनमुळे. सगळ्याच हातमागाच्या असतात असं मात्र म्हणवत नाही.

---

साटिनटाका | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:०२

कोलवाळकार, अगदी. आणि खणाच्या बाबतीत वैशाली शडांगुळे यांचं नाव घ्यायला हवं. मुंबईतून काम करतात, खणाचं कापड त्यांनी सातत्याने वापरलंय, आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर (हाताने शिवलेल्या, एकेका गिऱ्हाइकासाठीच्या कपड्यांच्या) वीकमध्ये दाखवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री डिझायनर त्या. एका हंगामासाठी खण घेऊन पुढच्या हंगामात इकत, असं त्यांनी केलं नाही. विणकराला हेच हवं असतं. पहिल्या ऑर्डरला सगळे टाळ्या वाजवतात, त्याचं घर चालतं रिपीट ऑर्डरवर.

---

कलमबहाद्दर | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

परदेशातले दोन-तीन दाखले, कारण आपल्यालाच हे होतं असं नाही.

२०१४ मध्ये पॉल स्मिथ या ब्रिटिश ब्रँडने ३०० पौंडांची ‘रॉबर्ट’ नावाची सँडल आणली. पेशावरी चप्पल, हुबेहूब. पाकिस्तानात संताप, ऑनलाइन अर्ज, मग वेबसाइटवर ‘पेशावरी चपलेवरून’ असा उल्लेख आला. रॉबर्ट! निदान प्राडाने आमच्या पायताणाला ‘ज्युसेप्पे’ नाव तरी दिलं नाही.

२०१९ मध्ये कॅरोलिना हेरेरा या फॅशन ब्रँडच्या रिसॉर्ट २०२० कलेक्शनवर मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी थेट पत्र लिहून जाब विचारला, तेनांगोचं भरतकाम आणि साल्तियोचं सारापे (पट्ट्यापट्ट्यांची शाल) कशाच्या आधारावर वापरलं म्हणून. पुढे २०२२ मध्ये मेक्सिकोने आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशासाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्या जीआयपेक्षा तो वेगळा, कारण त्यात समाज हा मालक मानलाय आणि नावाबरोबर नक्षीचाही विचार आहे.

आणि याच वर्षी, आपल्या प्रकरणानंतर दीड-दोन महिन्यांत, आदिदासने विली चावारिया या डिझायनरबरोबर ‘ओआहाका स्लिप-ऑन’ आणला. ओआहाका राज्यातल्या यालालाग गावच्या वाराचे या विणलेल्या चामड्याच्या सँडलवरून. ऑगस्टमध्ये कंपनीचा माणूस त्या गावात गेला आणि लोकांसमोर माफी मागितली. एकाच उन्हाळ्यात दोन खंडांतल्या दोन चपला. त्यांना मिळाली माफी, आपल्याला मिळाली ऑर्डर. कुणाचं जास्त चांगलं झालं ते ज्याने त्याने ठरवावं.

---

करवीरकर | १५ डिसेंबर, सकाळी ९:२२

ऑर्डर. बरोबर शब्द काढला वकीलसाहेब. त्यावर जरा बोलू दे.

२००० जोड्या ऐकायला कमी वाटतात, पण एकसारख्या २००० जोड्या? आमची चप्पल एकसारखी होतच न्हाई. कातडं कमवायचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. कातड्याची पिशवी शिवून त्यात ते पाणी भरून टांगायची, आठवड्यामागून आठवडे. प्रत्येक कातडं वेगळा रंग धरतं. पावसाळ्यात वाळत न्हाई. जुनी कमावणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी, पोरं एमआयडीसीत गेली. पुष्कळ माल आता बाहेरून आलेल्या कमावलेल्या चामड्याचा असतो, हे दुकानदार सांगणार न्हाई, मी सांगतो.

आता प्राडावाला म्हणणार, पंधराव्या जोडीचा रंग पहिल्या जोडीसारखा पाहिजे, डाव्या-उजव्यात फरक नको. त्यात त्यांची चूक न्हाई, ८४ हजार घेणार म्हटल्यावर गिऱ्हाईक बघणारच. बातमीत म्हटलंय की कारागिरांना प्रशिक्षण देणार, काहींना थोड्या दिवसांसाठी इटलीला प्राडाच्या अकादमीत नेणार, तीन वर्षांचा कार्यक्रम आहे. चांगलं आहे. पण कातडं कमावणाऱ्याला कोण नेणार? शिवणारा शिकून येईल आणि चामडं चेन्नईचं येईल, मग उरलं काय कोल्हापूरचं?

---

अथणीकर | १५ डिसेंबर, सकाळी ११:३०

करवीरकर, हे मी इतकं स्पष्ट लिहू शकलो नसतो. आमच्याकडेही तीच अडचण. त्यात गोवंशाचे कायदे दोन्ही राज्यांत कडक झाल्यापासून बैलाचं कातडं मिळत नाही. म्हशीचं चालतं, पण कातडं घेऊन जाणारी गाडी रस्त्यात अडवली की कागद दाखवत बसायचं. व्यापारी म्हणतो, नको ती झंझट, रेक्झिन घ्या.

एक मात्र आहे. माझी भाची पट्टे शिवते. तिला जोडीमागे जे मिळतं ते इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पण कराराची बातमी आल्यावर तिने पहिल्यांदा मला विचारलं, की मामा, आपली शिलाई त्यांना चालेल का? याआधी आमच्याकडे प्रश्न असायचा तो एवढाच, की पोरं हे काम करतील का.

---

लंबार्डीतली_लता | १५ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

अथणीकर, चालेल. इथे हाताची शिलाई थोडी वाकडी असली तरी लोक ती कौतुकाने दाखवतात. फक्त कुणाच्या हातची ते कुणी सांगितलं पाहिजे. मी दुकानात जाऊन विचारणार आहे फेब्रुवारीत, की ही कुठल्या गावात शिवली. उत्तर मिळालं नाही तर इटालियनमध्ये भांडेन, ते मला आता बऱ्यापैकी जमतं.

---

सोनसळी | १५ डिसेंबर, रात्री ८:४०

इतके दिवस नुसती वाचत होते. मला ८४ हजारांची नको, माझ्या बाबांसाठी खरी कोल्हापुरी घ्यायची आहे. पुण्यात राहते. खरी कशी ओळखायची? आणि आता डिसेंबरात घेऊ की थांबू?

---

करवीरकर | १५ डिसेंबर, रात्री ९:०३

आत्ताच घ्या, पाऊस लागायच्या आत पायाला बसली पाहिजे. हातात घ्या, जड लागली पाहिजे. कडेने बघा, शिलाई चामड्याच्याच वादीची असते, खिळे न्हाईत. वास चामड्याचा यावा, केमिकलचा नको. तळ वाकवून बघा, थर दिसतात. लिडकॉमने क्यूआर कोड आणलाय म्हणतात, तो असेल तर मोबाइलवर बघून घ्या. पहिले आठ दिवस घरातच घालायला सांगा, टाच लागते. आतून खोबरेल चोळा, थोडंच. आणि बाबांचा पाय रुंद असला तर कापशी घ्या.

---

अथणीकर | १५ डिसेंबर, रात्री ९:२०

खोबरेल नको हो, डाग राहतो. आमच्याकडे एरंडेल लावतात, रात्री लावून सकाळी फडक्याने पुसायचं.

---

करवीरकर | १५ डिसेंबर, रात्री ९:२४

घ्या, आता एरंडेलावरून सीमावाद. सोनसळीताई, दोन्ही लावून बघू नका एवढंच.